समोरचा दात

दोरा तुटला नाही, दात तुटला. मुक्ताबाईंना आधी वाटलं, पुठ्ठ्याचा कपटाच तोंडात आला असेल. विहारातल्या रविवारच्या वर्गासाठी त्या चित्रांच्या पट्ट्या दोऱ्यात ओवत बसल्या होत्या. कात्री शेजारीच पडलेली होती, पण दोरा समोरच्या दातांत धरून हिसका द्यायची सवय चाळीस वर्षांची, ती कात्रीला कशाला जुमानते. हिसका दिला आणि जिभेवर काहीतरी टणक, बिनचवीचं आलं. तळहातावर काढून बघितलं तर अर्ध्या नखाएवढा तुकडा, एका बाजूनं पांढरा, दुसऱ्या बाजूनं चहाच्या डागासारखा तपकिरी. समोर सतरंजीवर सात मुलं होती. त्यांतला सगळ्यांत धाकटा अश्विन वाकून तुकड्याकडे बघत राहिला आणि मग त्यानं काळजीनं विचारलं, "आज्जी, तुमचा परत येणार का?" त्याचे स्वतःचे समोरचे दोन पडलेले होते. मुक्ताबाईंनी तुकडा रुमालाच्या टोकात बांधला आणि सांगितलं, "माझा दुकानातून आणावा लागेल." मुलांना ते पटलं. वर्ग पुढे सुरू झाला, फक्त प्रत्येक शब्दाबरोबर वरच्या ओठाखालून वारा जात होता आणि सातही मुलं तिकडे टक लावून बघत होती. ती सवय त्यांनीच लावलेली. पाटीकडे नंतर बघा, आधी माझ्या तोंडाकडे बघा, असं म्हणतच त्यांनी सगळी नोकरी केली होती.

आता त्या दवाखान्यातल्या खुर्चीत उताण्या पडल्या होत्या आणि डोक्यावरचा दिवा अजून लावलेला नव्हता. नेरुळमधला पहिल्या मजल्यावरचा हा दवाखाना सुगतनं, त्यांच्या मुलानं, मोबाइलवर शोधून काढला होता. महापेच्या कंपनीत बसून तो आठवडाभर दातांचाच अभ्यास करत होता आणि घरी त्याचे मेसेज येत होते. आई, झिर्कोनियाच घे. आई, मेटलवालं अजिबात नको. आई, झिर्कोनिया हातोडीनं मारलं तरी फुटत नाही, व्हिडिओ पाठवलाय. मुक्ताबाईंनी व्हिडिओ बघितला. खरंच एक माणूस दातावर हातोडी मारत होता. आपल्या दातावर आता कोण हातोडी मारायला येणार, हे त्यांना कळेना, पण मुलगा काळजीनं सांगत होता म्हणून त्यांनी अंगठा दाखवणारं चित्र पाठवून दिलं. दवाखान्याच्या पाटीवर डॉक्टरचं नाव होतं, पण आडनाव सासरचं असल्यामुळे त्यांना काही कळलं नव्हतं. पहिल्या दिवशी दार ढकलून आत गेल्या तेव्हा खुर्चीतली चाळिशीची बाई उठून उभी राहिली. नुसती उठली नाही, हात मागे बांधून उभी राहिली, आणि म्हणाली, "बाई, मी फातिमा. चौथी ब." मुक्ताबाईंनी तिला त्याच्या आधीच ओळखलं होतं. कपाळावरून ओळखलं. तोंडावर मास्क होता.

चौथी ब मध्ये बहात्तर मुलं होती आणि त्यांतली फातिमा पहिल्या बाकावरची. सारसोळ्याच्या रस्त्याला अय्युबभाईंचं सिमेंट-रेतीचं दुकान होतं, त्यांची ही मुलगी. दुकानात सिमेंटच्या गोण्यांवरची अक्षरं वाचून वाचून ती शाळेत यायच्या आधीच वाचायला शिकली होती. असं मूल वर्गात असलं की शिक्षकाला थोडा उजेड जास्त मिळतो. एकदा सांगितलेलं तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. कविता दोनदा म्हणून घेतली की तिसऱ्यांदा ती पुस्तक मिटून म्हणायची, आणि मग वर्षभरानं मध्येच कधी विचारलं तरी मात्रेचीही चूक नाही. मुक्ताबाईंना तेव्हा या गोष्टीचा अभिमान वाटायचा. आपण पाठ करून घेतलेलं पोरं विसरत नाहीत, असं त्या शिक्षकांच्या खोलीत बोलूनही दाखवायच्या. त्यांचा दुसरा अभिमान छडीचा. इतर शिक्षकांच्या टेबलावर छडी असे, त्यांच्या टेबलावर कधीच नसे. निवृत्तीच्या समारंभात तीन जणांनी भाषणं केली आणि तिघांनीही हेच सांगितलं की बाईंनी कधी कुणा मुलावर हात उचलला नाही. ते खरंच होतं. हात उचलला नव्हता.

दुसऱ्या भेटीत फातिमानं त्यांना दातांचे प्रकार समजावून सांगितले होते, आणि तो अर्धा तास मुक्ताबाईंना फार आवडला होता. पांढऱ्या कागदी रुमालावर तिनं तुटक्या दातावर टोपीसारखे बसवायचे तीन नमुन्याचे दात मांडले. ती हळू बोलत होती, एक गोष्ट संपली की थांबत होती, समोरच्याच्या डोळ्यांत कळल्याची खूण दिसली की मगच पुढे जात होती. ही आपलीच पद्धत, मुक्ताबाईंच्या लक्षात आलं, आपली पद्धत आपल्याकडे परत येते आहे. पहिला दात आतून धातूचा, वरून चिनी मातीचा लेप. जुनी रीत, टिकाऊ, पण धातूतून उजेड जात नाही, म्हणून असा दात तोंडात मेल्यासारखा दिसतो, आणि काही वर्षांनी हिरडी वर सरकली की कडेला काळपट रेघ उमटते. दुसरा झिर्कोनियाचा, सुगतच्या हातोडीचा. आतून-बाहेरून पांढरा, सगळ्यांत मजबूत, आणि आतल्या दाताचा रंग कितीही वाईट असो, तो बाहेर येऊ देत नाही. तिसरा काचेच्या जातीच्या सिरॅमिकचा. फातिमानं मोबाइलचा टॉर्च लावून तो बोटांत धरला तेव्हा त्याच्या टोकाशी उजेड विरघळल्यासारखा झाला, जसा खऱ्या दाताच्या टोकाशी होतो. समोरच्या दाताला हा सगळ्यांत शोभतो, ती म्हणाली, मजबुतीलाही पुरेसा आहे, फक्त तुमच्या बाबतीत एक अडचण आहे. वीस वर्षांपूर्वी दाताची नस काढलेली, त्यामुळे आतला खुंट तपकिरी झालाय. हा दात त्यावर बसवला तर आतला रंग किंचित दिसेल. फार नाही, अगदी जवळून बघणाऱ्यालाच. मुक्ताबाई म्हणाल्या होत्या, माझ्याकडे जवळून बघणारी अश्विनसारखी पोरंच उरलीत आता, त्यांना काय. फातिमा मास्कच्या आत हसली. मग म्हणाली, ती धातूवाली काळी रेघ कशी असते तेही दाखवते, मी पेशंटना नेहमी स्वतःचाच दात दाखवते. आणि तिनं मास्क खाली ओढून वरचा ओठ बोटानं उचलला.

तो डावीकडचा समोरचा दात होता. शेजारच्या दातांपेक्षा निर्जीव, एकसारखा पांढरा, आणि हिरडीच्या कडेला शिसपेन्सिलीनं ओढल्यासारखी राखाडी रेघ. अठराव्या वर्षी बसवला, ती सांगत होती, त्याआधी काळा पडला होता, कॉलेजात मी तोंडावर हात धरूनच हसायचे. बदलायचा बदलायचा म्हणते आणि राहून जातं. मुक्ताबाईंनी मान हलवली. पाय जमिनीवर होते, पण मधला एखादा मजला काढून घेतल्यासारखं काहीतरी झालं. कळलं तुम्हाला, बाई? फातिमानं विचारलं. कळलं, त्या म्हणाल्या.

त्याला आता आठ दिवस झाले होते. या आठ दिवसांत त्या भाजी निवडत होत्या, नातीच्या वह्यांना कव्हरं घालत होत्या, सूनबाई संघप्रियाबरोबर वाशीला जाऊन आल्या, आणि मधूनमधून जीभ आपोआप तुटक्या दाताच्या कडेवर जात होती. कड धारदार होती. जीभ तिथे गेली की नळ दिसायचा, शाळेच्या मागचा, गळका, पितळी तोटीचा. साल चौऱ्याण्णव. शाळा सुटल्यावर वाचनात मागे पडलेल्या आठ-दहा मुलांना त्या अर्धा तास थांबवून घ्यायच्या, आणि मदतीला म्हणून फातिमा आपण होऊन थांबायची. एक दिवस असंच चाललं होतं; दुसऱ्या दिवशी शाळेची तपासणी होती. त्या मुलांतला हिरामण मागच्या बाकावर दोन्ही हातांनी ताशा वाजवत होता. त्याला तीनदा सांगून झालं, तो चौथ्यांदा वाजवायला लागला, आणि टेबलावरचा डस्टर मुक्ताबाईंच्या हातात आला. लाकडी पाठीचा, मुलं ज्याला फळापुसणी म्हणायची तो. तो उचलताना त्यांना काही वाटलं नव्हतं, राग तर नव्हताच, हे त्यांना अजून पक्कं आठवत होतं. माशी हाकलावी तसा हात फिरला आणि डस्टर सुटला. त्याच क्षणी फातिमा हिरामणच्या वहीत काहीतरी दाखवायला उठली होती. आवाज फार झाला नाही. पाटीवर पेन्सिल पडावी एवढाच.

त्यांनी तिला नळावर नेलं. ओठ फुटला होता, रक्त होतं, पण दात जागेवर होता. मुलगी रडत नव्हती. जीभ लावून बघ, त्यांनी सांगितलं, हलतोय का? फातिमानं ओठ मिटले. मिटल्या ओठाखाली जीभ इकडून तिकडे फिरताना बाहेरून दिसली. मग तिनं मान हलवली, नाही. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं, हे मुक्ताबाईंना नंतर हजारदा वाटून गेलं. पण त्या थांबल्या नाहीत. घरी विचारलं तर काय सांगशील, त्यांनी विचारलं. मग त्याच बोलल्या, "पायरीवरून पडले म्हण." आणि सवयीनं पुढे म्हणाल्या, "पुन्हा म्हण." फातिमानं म्हटलं. शाळेच्या पायरीवरून पडले. पुन्हा म्हण. तिसऱ्या वेळी ते सफाईदार आलं. दुसऱ्या दिवशी हिरामणनं कुणी न सांगता डस्टर झटकून, पुसून टेबलावर ठेवला आणि वर्षभर ताशा वाजवला नाही. बाकीची मुलं काही बोलली नाहीत. बाईंच्या हातून असं काही होतं हे त्यांनाही पटलेलं नसावं.

आणि पंधरा दिवसांनी अय्युबभाई गवंडी घेऊन आले. शाळेला सात पायऱ्या होत्या, त्यांतल्या चौथीची कड थोडी झिजलेली होती, सगळ्याच जुन्या पायऱ्यांची असते तशी. तीच असणार, त्यांनी ठरवलं होतं. आज माझी पोर पडली, उद्या दुसऱ्याची पडेल, असं म्हणत दुकानातल्या सिमेंटनं ती पायरी त्यांनी नवी बांधून दिली. सव्वीस जानेवारीला मुख्याध्यापकांनी त्यांना शाल दिली. आभाराचे चार शब्द मुक्ताबाईंनी वाचले, कारण शाळेत सूत्रसंचालन त्याच करायच्या. पालक असावेत तर असे, हे वाक्य त्यात होतं. ती पायरी बाकीच्यांपेक्षा गुळगुळीत होती, रंगानं जरा निळसर, आणि निवृत्त होईपर्यंतची पुढची एकवीस वर्षं मुक्ताबाई तिच्यावर पाय न ठेवता तिसरीवरून थेट पाचवीवर जायच्या. गुडघे दुखायला लागले तेव्हाही. लोकांना वाटे, बाईंची चालच तशी आहे.

"आज ठरवलंत का, बाई, कुठला बसवायचा?" फातिमानं आल्या आल्या विचारलं होतं. बघू, त्या म्हणाल्या होत्या. मग फातिमानं दिवा लावला आणि वर नवा दात बसावा म्हणून तुटका दात यंत्रानं घासून बारीक करायला सुरुवात केली. खरं तर तिनं आधी रंग बघायला हवा होता. दुसऱ्या भेटीतच तिनं शिकवलं होतं की रंग नेहमी सगळ्यांत आधी, सकाळच्या उजेडात, खिडकीपाशी; कारण तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात वाळतात, वाळले की आहेत त्याहून पांढरे दिसतात, आणि त्या रंगावरून केलेला नवा दात कायमचा उपरा वाटतो. रंग जुळवायची, सोळा नमुन्यांची दातांची पट्टी ट्रेमध्ये तयार पडलेली होती. फातिमा विसरली. मुक्ताबाईंच्या लक्षात होतं आणि त्या बोलल्या नाहीत. रंग बघायचा म्हणजे खिडकीत वीतभर अंतरावर समोरासमोर उभं राहायचं, हसायचं, आणि ती मास्क काढते की नाही याची वाट बघायची. त्यापेक्षा ही चूक होऊन गेलेली बरी. यंत्र चालू झालं. कानाच्या आतून येणारा तो बारीक आवाज ऐकत त्या छताकडे बघत राहिल्या आणि मनाशी म्हणाल्या, अजून एक. हिनं काय करायला हवं होतं ते मला माहीत आहे, आणि मी पुन्हा सांगत नाही आहे.

घासून झाल्यावर मापाची वेळ आली. फातिमानं गुलाबी लगदा भरलेला साचा त्यांच्या वरच्या दातांवर दाबून बसवला आणि दोन बोटांनी धरून ठेवला. "पाच मिनिटं, बाई. बोलायचं नाही. तुम्हाला गप्प बसायची सवय नाही, पण चौथी ब ला तुम्ही रोज बसवायचात." लगद्याला पुदिन्याचा वास होता. लाळ घशात जमत होती. फातिमा त्यांच्या डोक्याच्या मागे बसली होती, तिचे हातमोज्यातले अंगठे त्यांच्या गालांवर होते, आणि वेळ जावा म्हणून ती बोलायला लागली, जशा मुक्ताबाई सुई टोचणाऱ्या नर्सच्या दिवशी मुलांना गोष्ट सांगायच्या. माझा दात कसा गेला ते पेशंट नेहमी विचारतात, ती म्हणाली, तुम्हाला आठवतच असेल, तुम्ही होतात. पळत होते मी आणि चौथ्या पायरीवरून पडले. तुम्ही नळावर नेलंत. ते थंडगार पाणी अजून आठवतं. गुडघाही फुटला होता, अम्मीनं हळद लावली होती. नंतर दात हळूहळू काळा पडला, पण अब्बांनी शाळेला कधी बोल लावला नाही. पायरीच बांधून दिली. दोन वर्षांपूर्वी गेले ते. शेवटी शेवटी काही आठवायचं नाही त्यांना, दुकानाचं नावसुद्धा नाही, पण पायरी आठवायची. फातिमाची पायरी बांधली मी, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

गुडघा फुटला नव्हता. मुक्ताबाईंच्या घशातून काहीतरी आवाज आला. "गिळा, बाई, नाकानं श्वास घ्या," फातिमा म्हणाली आणि साचा आणखी घट्ट धरला. मान हलवता येत नव्हती. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. त्यांनी तो नळावर बघितला होता, फ्रॉकच्या खाली, स्वच्छ, धुळीचा एक ठिपका असलेला. मग ती हळद कुठून आली? त्यांना एकदम उमगलं की या मुलीनं वाक्य नुसतं पाठ केलेलं नव्हतं. ते वाक्य तिच्या आत रुजलं होतं, त्याला वळण फुटलं होतं, गुडघा आणि हळद आणि पळणं आलं होतं, आणि तीस वर्षांत ते इतकं खरं झालं होतं की त्याच्यावर एका माणसानं पायरी बांधली आणि मरताना तीच तेवढी बरोबर नेली. इतकं चांगलं त्यांनी आयुष्यात दुसरं काही शिकवलं नव्हतं. गप्प राहिलं तर कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. हिची आठवण शाबूत राहील, बापाची पायरी शाबूत राहील, आपली तीन भाषणं शाबूत राहतील. वर दिव्याच्या काचेत त्यांचं उघडं तोंड लहान आणि उलटं दिसत होतं.

साचा निघाला. फातिमानं खुर्ची सरळ केली, चूळ भरायला पेला दिला. "काय म्हणत होतात मघाशी?"

"पायरी चांगली होती, फातिमा."

"कुठली?"

"शाळेची. तिला काही झालेलं नव्हतं. तू पडली नाहीस. डस्टर लागला तुला. मी हिरामणवर फेकला होता."

फातिमा साचा हातात धरून उभी होती. ती बेसिनकडे वळली आणि तो धुवायला लागली. पाणी गरजेपेक्षा जास्त वेळ वाहत राहिलं. पाठमोरीच म्हणाली, "मला पडल्याचं आठवतं, बाई."

"ते मी पाठ करून घेतलं होतं."

नळ बंद झाला. अब्बांनी, असं तिनं सुरू केलं आणि सोडून दिलं. बाहेरच्या खोलीत कुणाचा तरी फोन वाजून थांबला. मग ती परत आली, स्टुलावर बसली, आणि घासलेल्या दातावर तात्पुरती टोपी बसवली. तिची बोटं आधीसारखीच हलकी होती. मुक्ताबाईंना वाटलं होतं की बोलून टाकल्यावर काहीतरी सुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. फक्त तोंडात पुदिन्याची चव होती आणि समोरच्या माणसाच्या हातातून काहीतरी काढून घेतल्याची जाणीव होती.

"तो काचेचा बसव," त्या म्हणाल्या. "आतलं थोडं दिसलं तर दिसू दे."

"सुगतना झिर्कोनिया हवाय. त्यांचा फोन आला होता."

"बसणार माझ्या तोंडात आहे."

फातिमानं मान डोलावली. सवयीनं तिचा हात नमुन्यांच्या पट्टीकडे गेला, ती उचलून तिनं त्यांच्या ओठांपाशी धरली, आणि तिथेच थांबली. एक नमुना लावून बघितला, दुसरा लावला, पट्टी खाली ठेवली. "रंग आधी घ्यायचा होता. विसरलेच मी."

"मला माहीत होतं," मुक्ताबाई म्हणाल्या. "मी बोलले नाही."

फातिमानं त्यांच्याकडे बघितलं. मास्कच्या वर नुसते डोळे होते आणि ते पहिल्या बाकावरचेच होते, कळलेलं नाही पण कळून घ्यायचं आहे असे. "आता दात वाळलेत," ती म्हणाली. "आता जो रंग घेऊ तो खोटा येईल. तोंड मिटून बसावं लागेल, ओले होईपर्यंत. नाहीतर उद्या सकाळी या."

"बसते मी."

त्या खिडकीपाशी जाऊन बसल्या. खाली पाम बीच रस्त्यावरून गाड्या जात होत्या, आणि पलीकडे खाडीच्या चिखलात रोहित पक्षी माना घालून उभे होते, लांबून नुसती फिकी गुलाबी रेघ. त्यांनी ओठ मिटून घेतले. थोड्या वेळानं फातिमाही स्टूल ओढून शेजारी येऊन बसली. पुढच्या पेशंटला तिनं थांबायला सांगितलं असावं. तिनं हातमोजे काढले, मग मास्कही काढून मांडीवर ठेवला. मुक्ताबाईंनी तिच्याकडे न बघता बघितलं. फातिमाचे ओठ मिटलेले होते, आणि मिटल्या ओठाखाली काहीतरी हळूहळू सरकत होतं, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला, डावीकडच्या दातापाशी थांबून, पुन्हा मागे. मग तिनं मान हलवली, नाही.